कुणाकडून मिळालं, याचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत कृतज्ञतेविषयी अधूनमधून लेख येतात. रोज रात्री वही घ्या, दिवसभरात मिळालेल्या चांगल्या गोष्टी लिहून काढा, मन हलकं होईल, झोप नीट लागेल, असा त्यांचा साधारण सूर असतो. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. मीही अशी वही घातली होती. थोड्याच दिवसांत तिच्यात तेच ते येऊ लागलं. तब्येत, घर, मुलं; पुन्हा तब्येत, घर, मुलं. त्याचंही एवढं काही नाही, जपातही तेच नाव पुन्हा पुन्हा येतं. मला खटकलं ते दुसरंच. वहीतलं प्रत्येक वाक्य ‘मला’पासून सुरू होत होतं. मला हे मिळालं, मला ते मिळालं. कुणाकडून मिळालं, याचा रकानाच त्यात नव्हता.

तो रकाना मला सापडला सकाळच्या कॉफीत. हसू येत असेल तर हसा, पण पत्र पुढे वाचा.

मी परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि नोकरीतली बरीच वर्षं रात्रपाळीत गेली. कानाला हेडसेट, समोर बोर्ड. दिवा लागला की कॉर्ड खोचायची, नंबर विचारायचा, पलीकडचं एक्स्चेंज गाठायचं, लाइन जोडून द्यायची. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. दिवा समोर लागलेला असतो, डोळ्यांना दिसत असतो, आणि हात काही उठत नाही. त्या वेळेसाठी थर्मासमधली कॉफी राखून ठेवायची. कोमट, करपट, कडू. चवीसाठी ती कुणी पीत नव्हतं. थर्मासचं झाकण रिकामं करून खाली ठेवलं की पुढचा कॉल.

पुढे बोर्ड गेले, लोक स्वतःच नंबर फिरवून परगावी बोलू लागले, यथावकाश मीही निवृत्त झाले. आता कुणासाठी जागायचं नव्हतं, तरी कॉफी सुटली नाही. उलट वाढली. मग छातीत धडधड सुरू झाली आणि डॉक्टरांनी मला एका कपावर आणलं. तोही सकाळी, दुपारनंतर थेंब नाही, कारण घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात. चार-पाच कप होते तेव्हा त्यातला एकही लक्षात राहत नसे. एकच उरला आणि मी त्याच्याकडे बघायला लागले.

बघायला लागले म्हणजे काय, ते सांगते. बिया सकाळीच दळते. हाताने फिरवायची छोटी चक्की आहे. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत काही होत नाही, मग एकदम वास सुटतो. कच्च्या बीला हा वास नसतो. ती हिरवट, राखाडी, दगडासारखी कडक. नाकाशी नेली तर जेमतेम वाळल्या गवताचा वास. भाजताना सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ती तडतडते. आतली साखर आणि अमिनो आम्लं यांची आपापसांत जी काही झटापट होते, तिच्यातून शेकडो गंधद्रव्यं तयार होतात. चुरा कागदी शंकूत घालायचा. उकळी बसलेलं पाणी आधी थोडंसंच ओतायचं, चुरा भिजेल इतकं, आणि थांबायचं. बिया ताज्या भाजलेल्या असतील तर चुरा फुगून वर येतो, मधोमध त्याची टेकडी होते, टेकडीवर बारीक बुडबुडे फुटत राहतात. भाजताना बीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड त्या वेळी बाहेर पडतो. हे अर्धं मिनिट माझं सगळ्यात आवडतं. त्यात हाताला काही कामच नसतं. मग बारीक धार धरून उरलेलं पाणी. खाली थेंब पडू लागतात, आधी काळे, मग तपकिरी, शेवटी सोनेरी. दूध नाही, साखर नाही.

त्या कागदाचंच बघा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंत्स नावाच्या गृहिणीने १९०८ मध्ये, कपात रोज उतरणाऱ्या गाळाला वैतागून, पितळेच्या भांड्याच्या बुडाला भोकं पाडली आणि मुलाच्या शाळेच्या वहीतला टिपकागद त्यात घातला. त्याच वर्षी तिने आपल्या युक्तीची रीतसर नोंदणी करून घेतली. थोर शोधांच्या यादीत हा कुणी धरत नाही. पण तिच्या त्या वैतागावर माझी सकाळ उभी आहे. तिचं नाव मी मोठ्याने घेते, निदान एकदा तरी, कागदाची कड दुमडताना. वेडेपणा म्हणा.

संगीतकार बेथोव्हेन एका कपासाठी साठ बिया मोजून घ्यायचा, असं त्याच्या सहवासात राहिलेल्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. या चरित्रकाराच्या शब्दावर जाणकार फारसे विसंबत नाहीत म्हणे, पण मला ती मोजणी आवडली. एका सकाळी मीही टेबलावर साठ बिया मांडून पाहिल्या. ओंजळही भरत नाही. कॉफीच्या एका फळात साधारणपणे दोन बिया असतात, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे साठ बियांना तीस फळं. आणि ही फळं एकाच फांदीवर एका वेळी पिकत नाहीत; एक लाल, शेजारचं हिरवं, त्याच्या मागचं पिवळट. चांगल्या कॉफीसाठी पिकलेलं तेवढंच तोडायचं असतं. म्हणजे कुणीतरी डोंगरउतारावर कमरेला टोपली बांधून उभं राहायचं, पानं बाजूला सारायची, फळाचा रंग बघायचा आणि दोन बोटांनी तेवढंच फळ सोडवायचं. पुन्हा काही दिवसांनी त्याच झाडाशी यायचं. माझ्या एका कपासाठी असं तीस वेळा. माझ्यासाठी तीस वेळा एखादी गोष्ट निवडून दुसऱ्या कुणी आणल्याचं मला आठवत नाही, आणि आमचे हे हे पत्र वाचणार आहेत हे माहीत असूनही मी हे लिहिते आहे.

त्याच्या आधीचंही आहेच. रोप लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षं. चांगला पाऊस पडून गेला की झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. वास मोगऱ्याच्या जवळचा, आणि हा बहर दोन-चार दिवसांतच गळून जातो. तिथून फळ पिकायला अरेबिका या जातीच्या कॉफीला सहा ते आठ महिने, रोबस्टा या जातीला त्याहून जास्त. मग गर काढणं, आंबवणं, धुणं, वाळवणं, वाळताना सतत खालीवर करणं, पोत्यांत भरणं, जहाज, गोदाम, भट्टी. हे सगळं होऊन गेल्यावर माझा नंबर लागतो. मी पाणी उकळते आणि म्हणते, ‘मी कॉफी केली.’

आता घरातल्या विरोधी पक्षाविषयी. हे रसायनशास्त्राचे मास्तर होते. मी कपासमोर थोडी गप्प बसले की यांचं ठरलेलं, ‘अगं, यात अध्यात्म कसलं आलंय? कॅफीन आहे ते. १८१९ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन रसायनज्ञाने वेगळं काढून दाखवलं.’ मग फळ्यासमोर उभे असल्यासारखे समजावतात. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की गुंगी येते. कॅफीनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता, म्हणून ते त्या जागा आधीच अडवून बसतं. थकवा गेलेला नसतो, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. ‘तेव्हा तुला जी कृतज्ञता वाटते ती अर्ध्या तासाने रक्तात उतरलेली आहे, वरून नव्हे.’

मी म्हणते, अहो, उतरली ना? मग कुठून का असेना.

पण नीट उत्तर द्यायचं तर ते असं. कॅफीन हे झाडाने माझ्यासाठी बनवलेलं नाही. पानं कुरतडणाऱ्या किड्यांना दूर ठेवायला त्याचा झाडाला उपयोग होतो. कडू आणि त्यांच्यासाठी विषारी. गंमत अशी की कॉफीच्या फुलातल्या मधातही ते असतं, फक्त अगदी थोडं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की अशा किंचित कॅफीनमुळे मधमाश्यांना त्या फुलाचा वास जास्त काळ लक्षात राहतो. पानात जे हाकलायला आहे, तेच फुलात बोलावायला आहे. माझा या सगळ्याशी काहीही संबंध नाही. झाड, किडा आणि माशी यांचं आपसात फार जुनं देणंघेणं चालू होतं, त्यात माणूस वाट चुकून शिरला आणि त्याला त्यातून सकाळ मिळाली. अनाहूत पाहुण्याला पाट मांडून मिळाला तर त्याने रसायनशास्त्र सांगू नये, आधी नमस्कार करावा. यावर यांनी वर्तमानपत्र उघडलं. आपलंच.

कॉफी आणि देव ही जोडी मी जुळवलेली नाही, हेही सांगायला हवं. शेळ्या फळं खाऊन नाचल्या आणि कॉफीचा शोध लागला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती युरोपात १६७१ च्या सुमारास छापली गेली, तोवर माणसं कॉफी पिऊन पिढ्या झाल्या होत्या. खात्रीने सांगता येतं ते एवढं, की पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात जागं राहण्यासाठी कॉफी पीत. सोळाव्या शतकातल्या एका अरबी ग्रंथात कैरोत राहणाऱ्या येमेनी साधकांचं वर्णन आहे. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी ठेवायची, त्यांच्यातला प्रमुख लहान पेल्याने ती काढून उजवीकडच्याला द्यायचा, पेला पुढे सरकत राहायचा आणि तोंडाने ईश्वराचं नाव चालू. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आठवला तो माझा थर्मास. ते जागत होते आपल्या मालकासाठी, मी जागत होते कुठल्या तरी गावाहून कुठल्या तरी गावाला जाणाऱ्या निरोपासाठी. तेव्हा मला दोन्ही एकाच रांगेत बसवायचं धाडस झालं नसतं. आता होतं. त्या निरोपांत जन्म असत, मरण असे, परीक्षेचा निकाल असे. त्यासाठी जागणं ही काही अगदीच ऐहिक गोष्ट नव्हती.

अर्थात धर्मानेच कॉफीला एकदा चोपही दिला. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने पंडितांची सभा भरवून ती निषिद्ध ठरवली. कैरोच्या सुलतानाने तो हुकूम फिरवला. माणसं एकत्र बसून पिऊ लागली आणि बोलू लागली, हे त्यामागचं खरं दुखणं असावं, असं मला वाटतं. आणि भारतात कॉफी आली तीही एका सूफी फकिराच्या, बाबा बुदन यांच्या हातून. सात बिया लपवून त्यांनी आणल्या आणि डोंगरात पेरल्या असं परंपरा सांगते. त्या डोंगरांना आजही त्यांचं नाव आहे.

इथिओपियात, म्हणजे अरेबिकाच्या माहेरी, पाहुणा आला की कॉफीच्या तीन फेऱ्या होतात. बिया समोरच भाजतात, तो धूर पाहुण्यांकडे नेतात, प्रत्येक जण हाताने ओढून वास घेतो. चुरा तोच, पाणी नवं, म्हणून प्रत्येक फेरी आधीच्याहून फिकी. आणि सर्वांत फिकी जी तिसरी, ती आशीर्वादाची मानतात. ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. ज्या लोकांनी कडक पहिली फेरी सोडून पाणचट तिसरीला आशीर्वाद म्हटलं, त्यांना कृतज्ञता वहीत लिहायला शिकवायची गरज पडली नसावी.

इथपर्यंत सगळं गोड आहे. म्हणून आता थोडं कडू.

रकाना भरायचाच तर सगळी नावं लिहावी लागतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातली जवळपास निम्मी कॉफी एकाच फ्रेंच वसाहतीतून येत होती, सँ दोमँग, म्हणजे आजचं हैती. ती पिकवत होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. १७९१ मध्ये ते उठले आणि त्यांनी वसाहतच उलथून टाकली. ब्राझील कॉफीत जगात पहिला झाला तोही गुलामांच्याच श्रमावर; तिथे गुलामी कायद्याने संपली १८८८ मध्ये. पॅरिसच्या कॉफीगृहांत बसून स्वातंत्र्यावर वाद घालणाऱ्यांपैकी कुणी पहिल्या घोटाबरोबर आभार मानले असतील, तर ते नक्की कुणाचे? देवाचेच मानले असणार. देवाचे आभार मानणं सोपं. तो मजुरी मागत नाही.

आजही जगातली बहुतेक कॉफी लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर पिकते आणि तिचा भाव ठरतो दूरच्या वायदेबाजारात. २०२१ च्या जुलैत ब्राझीलमध्ये रात्रीच्या कडाक्यात दव गोठलं, झाडं करपली, आणि जगभरची गणितं हलली. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी कॉफीच्या १२४ रानटी जाती तपासल्या. त्यातल्या सुमारे ६० टक्क्यांना नामशेष होण्याचा धोका आहे, असं त्यांना आढळलं. अरेबिकाचंही त्यात नाव होतं. म्हणजे मी ज्याचे आभार मानते आहे, ते माझ्या नातवंडांच्या म्हातारपणी असेलच असं नाही. हे माहीत असून पहिला घोट घेतला की त्याची चव बदलते. बिघडत नाही, बदलते. आनंदात थोडी लाज मिसळते, थोडी काळजीही. माझ्या मते कृतज्ञता म्हणतात ती हीच. निव्वळ बरं वाटण्याला सुख म्हणावं, त्याला एवढं मोठं नाव कशाला.

मी फारशी देवदेव करणारी नाही. उपास झेपत नाहीत, पोथी उघडली की डोळा लागतो, बहुधा रात्रपाळीचा सूड. पण सकाळी तो कप हातात धरला, वाफ चष्म्यावर आली, पहिला घोट खाली गेला, की आतून आभार निघतात. कुणाला, हे ठरायच्या आधीच निघालेले असतात. पूर्वी मला याचा त्रास व्हायचा. पत्ता नसलेले आभार म्हणजे भाबडेपणा, असं वाटायचं. मग माझं कामच आठवलं. बोर्डावर आम्ही लाइन जोडून द्यायचो आणि कान काढून घ्यायचो. पलीकडे कोण उचलतंय, हे बघणं आमचं काम नव्हतं. लाइन लागली पाहिजे, एवढं आमचं. मेलिटाबाईंपासून त्या मधमाशीपर्यंत आणि तोडणीवाल्या बायकांपासून पाऊस पाडणाऱ्यापर्यंत ज्याला उचलायचं त्याने उचलावं.

यांना हे वाचून दाखवलं. ‘रॉन्ग नंबर लागला तर?’ म्हणाले. बोर्डावर असताना तेही व्हायचं. लोक तेवढ्यात दोन शब्द बोलून घ्यायचे.

आता मुद्द्याची विनंती. आपण रोज पहिल्या पानाच्या कोपऱ्यात सुविचार छापता. तो बंद करा असं म्हणत नाही, पुष्कळांची सकाळ त्यावर सुरू होते. पण पुरवणीत जिथे ‘कृतज्ञ राहा’ असं सांगता, तिथेच आठवड्यातून एकदा एक चौकोन द्या. रोजच्या वापरातली एकच वस्तू घ्या: मीठ, काडेपेटी, साबण, चष्म्याची काच, जे सुचेल ते. ती कुठून येते, कुणाच्या हातून जाते, त्या हातांना काय मिळतं, तिच्यापायी पूर्वी कुणी काय सोसलं, एवढंच लिहा. उपदेश नको, माहिती द्या. कृतज्ञ कसं व्हायचं ते वाचक बघून घेतील. लिहिणारा माणूस मिळाला नाही तर कळवा. मला वेळ आहे आणि सकाळी मी लवकर उठते.

पत्र लांबलं, याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर बेथोव्हेन खुशाल काढा, आमचे हे काढले तरी चालतील, त्यांना आनंदच होईल. तीस फळं तोडण्याचा भाग आणि हैतीचा भाग मात्र तेवढा राहू द्या.

आपली,
एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर